शंखभस्म आणि खडीसाखर

ताईला फिट आली की बाबा माग जोरात चालवायचे. आई आधी दार लोटायची, मग खिडकी, आणि बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, मान खाली घालून धोटा असा काही फेकायचे की गल्लीला वाटावं, यांना कोणीतरी तातडीचं लुगडं सांगितलंय. त्या खटखटाटात ताईच्या टाचा जमिनीवर आपटलेल्या बाहेर ऐकू जात नसत. माझं काम तिचे पाय धरायचं. आई तिच्या नाकाशी कधी कांदा फोडून धरी, कधी बाबांची चप्पल, आणि वर तिलाच शिव्या देई, कारण शिव्या द्यायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं. फिट ओसरली की ताई तोंड उघडं टाकून झोपायची, बाबा मागाची गती हळूहळू नेहमीवर आणायचे, आई दार उघडायची, आणि समोरच्या ओट्यावरची म्हातारी विचारायची, "कायले दार लावलं होतं वं भरदुपारी?" आई म्हणायची, "मांजर शिरली होती." आमच्या घरात इतक्या मांजरी शिरल्या की उंदीर औषधालाही उरायला नको होता.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाच्या अलीकडे आमची गल्ली, सगळी विणकरांची. पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत आम्ही, मागे चूल. सकाळी आई मोठ्या गंजात ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची. ती चोपडल्याशिवाय सूत मागाचे हिसके सोसत नाही, तुटतं. तिचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा असायचा. उन्हं वर आली की गल्लीभर उभ्या सुताचे ताणे पसरायचे आणि बायामाणसं दोन्ही बाजूंनी त्यांना खळ लावत चालायची. लुगडं विकत घेणारी बाई पहिल्याच धुण्यात ती सगळी खळ मोरीत सोडून देते. तिच्या लेखी ती लुगड्यात कधी नव्हतीच. ताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नाव विमल. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि घरातलं रांधायचं तिच्याकडे होतं. तिच्या हातची सांबारवडी खायला बाबांचे व्यापारीसुद्धा उगीच थांबायचे. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, ती इतका बारीक चिरायची की विळीचा आवाज पाऊस पडल्यासारखा एकसारखा यायचा. मी तशी वडी आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या हातची खाल्ली नाही, आणि केली तर नाहीच.

एकदा ती खळीच्या गंजावर पडली. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या खळीत गेला. बाबा धावत आले, आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हे: "सारी सांडली काय?" माझी नातवंडं मला विचारतात, तुझे बाबा वाईट होते का गं आजी? या वयात माणसानं आईबापाबद्दल गोड बोलावं असा रिवाज आहे. मी गोड बोलणारी बाई नाही. होते वाईट. रात्रंदिवस राबायचे, दारूला शिवायचे नाहीत, आमच्यावर हात क्वचितच उचलायचे, आणि वाईट होते. एका माणसात हे सगळं मावतं.

हाताची कातडी सोलून आली तेव्हा मात्र तिला मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागलं. तिथल्या डॉक्टरांनी हात बघता बघता तिला तोंड उघडायला सांगितलं. जिभेच्या कडेला जुने चावे होते. "झटके कधीपासून येतात हिला?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "झटके? नाई जी. पाय घसरला." डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलंही नाही, आईकडे पाहिलं, आणि आई रडायला लागली. तिथून येताना आमच्याबरोबर कॅप्सूल आल्या, अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या. ताई त्या घेऊ लागली आणि आमच्या घरात मांजर शिरायची बंद झाली.

ते दिवस मला फार आवडतात आठवायला. ताई जाड झाली. ती गाणी म्हणायला लागली, तीही बेसूर. मला घेऊन ती तलावावर कपडे धुवायला जाऊ लागली; त्याआधी तिला पाण्याच्या जवळ कोणी फिरकू देत नसे. येताना आम्ही हिरव्या बोरांना तिखटमीठ लावून खात असू आणि ती मला सांगायची, "मले ना कुमुद, आता सकाळी उठलं का भेव नाई वाटत." पण आमच्या घरात कोणी बरं झालं तर त्याचा सुखानं उपभोग घ्यायची पद्धत नव्हती. ताई बरी झाली याचा अर्थ बाबांच्या लेखी एकच होता: आता हिचं उरकून टाकावं.

पारशिवनीचं स्थळ आलं. मुलगा नामदेव, घरची शेती, भाऊबहीण नाही, वडील वारलेले. घरात सगळी सत्ता त्याच्या आईची. लग्न ठरलं आणि आमच्या आईला कॅप्सूलची धास्ती पडली. त्या काळी कॅप्सूल म्हणजे मोठं दुखणं असा लोकांचा समज. साधा ताप असला तर गोळी, जास्त असला तर सुई, आणि कॅप्सूल दिसली की बाया विचारायच्या, काय झालंय? आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरी कॅप्सूल दिसता कामा नये." मग तिनं एक तोड काढली, आणि ती तोड तिची स्वतःची होती, कोणी शिकवलेली नाही. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानातून तिनं शंखभस्म आणलं. पित्तावर बाया घेतात ते. कॅप्सूलची टोपी काढून आतली पांढरी पूड ती चिमूटभर शंखभस्मात मिसळायची आणि कागदाच्या छोट्या पुड्या बांधायची. विचारलं कोणी तर ताईनं सांगायचं, पित्ताचा त्रास आहे, माहेरचं चूर्ण आहे. पुडीत औषध तेवढंच, शंखभस्म नुसतं वरचं. आई हा शब्द वापरायची, वरचं.

लग्नाला अवकाश होता म्हणून आईनं ताईला आधीच पुड्यांवर घेतलं, सवय व्हावी म्हणून. आणि थोड्याच दिवसांत घरात पुन्हा मांजर शिरली. मग पुन्हा एकदा. बाबा घाबरले, तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "औषध नेमानं घेते ना? मध्ये चुकवत नाही?" बाबा म्हणाले, "नाई जी, आई सोता देते समोर बसून." ते खरंच होतं. शंखभस्माचं कोणी बोललं नाही. लपवलं असंही नाही, ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. आई आता एका पुडीत जास्त पूड घालू लागली, वरचं शंखभस्म तेवढंच ठेवून, आणि फिट थांबल्या. आईला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मला यातलं काय घडत होतं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. मला कळमेश्वरला दिलं, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या एका कारखान्यात मी कामाला लागले. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि मला आमच्या घराचा वास आला. मोठ्या पातेल्यात स्टार्चची खळ शिजत होती. औषधाची भुकटी त्या खळीत मळायची, दाणे पाडायचे, वाळवायचे, आणि मग त्यांच्या गोळ्या दाबायच्या. मला वाटायचं गोळी म्हणजे औषध. तिथे पाहिलं तर औषध नखाएवढं, बाकी स्टार्च, दुधातली साखर, शंखजिरं, असं सगळं. पण त्या बाकीच्यात एक वस्तू बदलली की आमच्या केमिस्ट बाई अख्खा घाणा अडवून धरायच्या. गोळी पाण्यात टाकून ती किती वेळात विरघळते ते पाहायच्या. कधी खळ घट्ट झाली की गोळी खड्यासारखी पाण्यात पडून राहायची, आणि बाई म्हणायच्या, ही पोटात जाईल तशी बाहेर येईल. एकदा मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, फिटच्या औषधात शंखभस्म घातलं तर? त्या म्हणाल्या, शंख म्हणजे कॅल्शियम, ते औषधाला धरून बसेल, अर्धमुर्धंच अंगी लागेल. आणि साखर घातली तर? साखर काय, लगेच विरघळते. सगळंच्या सगळं रक्तात जाईल. मी त्या दिवशी डबा न खाता परत आणला. ताई आज माझ्याच घरी असते आणि सकाळ-संध्याकाळ अख्खी गोळी पाण्याबरोबर घेते. मी समोर उभी राहते, आणि ती मला रोज म्हणते, "जाय ना वं, घेतो मी."

ताईचं लग्न झालं, ती पारशिवनीला गेली, पुड्या गेल्या, सगळं बरं चाललं. आखाडीला नव्या नवरीनं माहेरी यायचं असतं, तशी ती आली. हाताला जळाल्याची खूण होती ती सासूनं पाहिली होती, पण चुलीवर हात कोणाचा पोळत नाही? श्रावणाच्या तोंडावर विहीणबाई तिला न्यायला आल्या. बाई उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, आणि नाकानं वास घेत घरात शिरणारी. शाकाहार त्यांचा इतका कडक की आमच्या घरचं पाणी पिण्याआधी त्यांनी हंडा वाकून पाहिला. आई पुड्या बांधत बसली होती. विहीणबाईंनी विचारलं, "हे काय होय?" आई म्हणाली, "शंखभस्म होय जी. विमलले पित्त हाय थोडं." विहीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. "शंख? शंख म्हंजे जिवाचं घर. त्यात किडा राह्यते. हे माह्या घरात खाऊन राह्यली ते? श्रावण लागून राह्यला, ईनबाई! नाई चालत आमच्यात." आई म्हणाली, "नाई चालत तं नाई चालत जी. दुसरं देतो." आणि ती मागच्या खोलीत गेली, खडीसाखर कुटली, बडीशेप कुटली, दोन्ही वस्त्रगाळ केलं, आणि त्यात कॅप्सूलची पूड घालून नव्यानं सगळ्या पुड्या बांधल्या. पित्तावर खडीसाखर-बडीशेप चालतेच. औषध तेवढंच ठेवलं, वाढवलेलं. मी आईला वस्त्राचं टोक धरून दिलं होतं. वरचंच तर बदलत होतं, त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

पोळा झाला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा. मोठी मिरवणूक महाल-इतवारीकडे, पण गल्लोगल्ली पोरं आपापले बांबू-कागदाचे पुतळे, म्हणजे बडगे, करून ओरडत फिरतात, "इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" त्या गोंगाटात आमच्या दारात सायकलरिक्षा थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मग नामदेव, आणि त्यानं ताईला दंडाला धरून खाली ओढलं. ताई उभी राहिली आणि एका बाजूला कलली. तिला सावरलं, तर ती दुसऱ्या बाजूला कलली. तिचे पाय भलतीकडे पडत होते. गालावर बोटं उठली होती, कपाळाला खोक होती. मला पाहून ती काही बोलली, पण शब्द एकमेकांत चिकटून आले. तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

"हे घ्या तुमची पोट्टी," विहीणबाई म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "दारू पेते. आमच्याकडं रानात मोहाची भट्टी हाय, तिथं जात असन. वास येऊ नये मून बडीशेप खाते वरून! पंधरा दिवस झाले पाहून राह्यलो. चालते तं झोकांड्या, बोलते तं जीभ लटपट, सकाळी उठल्याबरोबर ओकते. मारलं, कोंडलं, उपाशी ठेवलं, तरी कुठून पेते कोन जाने. उद्या मान्सं घेऊन येतो. मंग फैसला." आणि त्या इतवारीत नातेवाइकांकडे निघून गेल्या. बडगा घेऊन फिरणारी पोरं आमच्या दाराशी जमली होती. त्यातल्या एकानं ताईकडे बोट दाखवून ओरडायला सुरुवात केली, "घेऊन जा गे मारबत!" आणि सगळीच ओरडायला लागली. त्यांच्या आया हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, आई आणि मी ताईला दवाखान्यात घेऊन गेलो. तेच डॉक्टर होते. त्यांनी तिला बोट दाखवून बाजूला पाहायला सांगितलं. तिची बुबुळं थरथरत होती. "हिनं दारू घेतलेली नाही," ते म्हणाले. "हिच्या रक्तात औषध जास्त झालंय. कसं देता तुम्ही?" बाबा म्हणाले, "तेवढंच देतो साहेब, तुमी सांगितलं तेवढं. वरचं बदललं फक्त." "वरचं म्हणजे?" मग आईनं सांगितलं. शंखभस्म, श्रावण, खडीसाखर, सगळं. डॉक्टर खुर्चीतून उठले. मी माणसाला एवढं रागावलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्या औषधात तुम्ही काय वाट्टेल ते कालवलंत आणि मला सांगितलं नाहीत? मी त्या भस्माला औषध देत होतो, तुमच्या मुलीला नाही! आणि मग एकदम सगळं हिच्या अंगात गेलं." थोडं शांत झाल्यावर ते म्हणाले, "काही दिवस औषध बंद. मग कमी मात्रेनं सुरू करू, कॅप्सूल अख्खी घ्यायची. होईल ठीक." आई म्हणाली, "आज मान्सं येऊन राह्यली जी तिच्या सासरची. दारुडी म्हनते तिले." डॉक्टर लगेच म्हणाले, "इकडे घेऊन या त्यांना. मी समजावतो."

आईनं बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नोको साहेब."

परत येताना बाबा रिक्षात माझ्या शेजारी बसले होते. एकदाच, तलावाच्या वळणावर, त्यांनी माझ्याकडे वळून नीट पाहिलं, बाजारात सूत पाहतात तसं. मी तेव्हा परकर-पोलक्यातून नुकती लुगड्यात आले होते. दारू हे व्यसन, ज्याचं त्याच्यापाशी. फिट हा रोग, आणि रोग घराण्याचा असतो. मोठीला आहे म्हटल्यावर धाकटीला कोण करणार? एवढा साधा हिशेब होता तो, आणि मला तो त्यांच्या तोंडावर वाचता येत होता.

दुपारी माणसं जमली. पारशिवनीचे गणबाजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ, नामदेव, विहीणबाई, आणि आमच्या गल्लीतले चारदोन जाणते. ताईला मधोमध बसवलं होतं. तिला बसताही धड येत नव्हतं, हाताचा टेका द्यावा लागत होता. गणबाजी दिसायला दयाळू होते. ते म्हणाले, "बाई, तू पेत नाई मंते ना? मंग चालून दाखव. बाहेर ताना लावला हाय, त्याच्या कडंकडंनं सरळ चाल. बस." ताई उठली. तिला खरंच वाटलं असावं की हे सोपं आहे. ती दाराबाहेर गेली, ताण्याच्या कडेनं चारपाच पावलं टाकली, आणि शेजाऱ्याच्या पसरलेल्या ताण्यावर आडवी कोसळली. सूत तटातट तुटलं. शेजारी शिव्या देत धावला, लोक हसले, आणि ती सुतात गुंतलेली हातपाय हलवत राहिली. आई तिला सोडवायला गेली तर बाबा म्हणाले, "राहू दे."

तिला परत आणून बसवलं. गणबाजींनी बाबांना विचारलं, "बोला भाऊ. काय म्हनता?"

बाबा म्हणाले, "पेते."

आईनं तोंडात पदर कोंबला. बाबा पुढे बोलत गेले, शांतपणे, भाव सांगावा तसे. "लग्नाच्या आधीपासून पेते. आमाले वाटलं, सासरी गेली का सुटन. चूक झाली आमची."

ताईनं मान वर केली. ती बाबांकडे पाहत म्हणाली, निदान म्हणायचा प्रयत्न केला, "बाबा... मी... नाई पेत... बाबा." प्रत्येक शब्द जिभेवर घसरत होता, "बाबा" सुद्धा तिला नीट म्हणता येईना. कोणीतरी मागून म्हणालं, "आयका, आयका, जीभ पाहा कशी चालून राह्यली!" आणि पुन्हा हसू उसळलं. तिनं आणखी जोरात सांगायचा प्रयत्न केला तर लाळ गळली. बाबा उठले आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. त्यांनी तिला मारल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. रागावून मारलं असतं तर मी विसरले असते. त्यांना राग आलेला नव्हता.

विहीणबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "रोग-बीग असता तं आमी दवापानी केलं असतं जी. सून होय आमची, टाकली नसती. पन दारू?" त्या खरं बोलत होत्या की चार लोकांत चांगलं दिसावं म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. कधीकधी वाटतं खरं बोलत होत्या. तो दिवस मला कधीच पुरा आठवून संपत नाही, तो या एका वाक्यामुळे. नामदेव सगळा वेळ जमिनीकडे पाहत होता. जाताना त्यानं ताईची पेटी दारात ठेवली आणि तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र आईनं काढून त्याला दिलं.

औषध बंद झाल्यावर आठवडाभरात ताईची जीभ सुटली, पाय नीट पडायला लागले. ती स्वच्छ, स्पष्ट बोलू लागली, आणि तेव्हा तिला विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. ती एकदा बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "आता चालून दाखवू काय? बोलवा ना त्याइले." बाबांनी धोटा थांबवला नाही. डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. बाबांनी तिला नेलं नाही. दवाखान्यात आमच्या समाजाचा एक जण कामाला लागला होता, तो पाहील, बोलेल. घरात कॅप्सूल पुन्हा आली असती तर आम्ही पंचांसमोर खोटं बोललो हे उघड झालं असतं. आई पाया पडली, तर बाबा म्हणाले, "कुमुदचं होऊ दे आधी." मग व्हायचं तेच झालं. फिट परत आल्या. पण आता दार लावायची गरज उरली नव्हती. ताई नळावर पडली, ओट्यावर पडली, एकदा भर गल्लीत पडली, तोंडाला फेस, डोळे पांढरे. बाबा बाहेर आले, तिला उचललं, आणि जमलेल्यांना म्हणाले, "काही नाई. पेऊन पडली." लोकांनी मान हलवली. कांदा आणायला कोणी धावलं नाही, कारण दारुड्याला कोणी कांदा हुंगवत नाही. पोरं तिला मारबतच म्हणायची, मोठी माणसंही पाठीमागे तेच म्हणायची.

वर्षभरानं मला पाहायला कळमेश्वरहून माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील. आईनं पोहे केले, चिवडा, आणि ताईनं पहाटे उठून सांबारवड्या तळल्या. मग बाबांनी तिला मधल्या खोलीत बसायला सांगितलं आणि पडदा ओढला. मुलाचे वडील बाबांसारखेच मोजकं बोलणारे होते. त्यांनी शेती विचारली, माग विचारला, मग म्हणाले, "मोठीचं कानावर आलं आमच्या." बाबा म्हणाले, "खरं हाय जी. लपवून काय करू?" त्या माणसाला ते आवडलं. तो म्हणाला, "बरं केलं सांगितलं. पेनं-खानं समजू शकतो आमी. रोग तं नाई ना काही घरान्यात? फिट, कोड, असलं काही?"

"नाई जी," बाबा म्हणाले. "तसलं काही नाई."

आणि तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. नंतर टाचांचा. माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आणि मला ताईचे पाय दिसत होते. मुलाच्या आईलाही दिसले, तिनं नाकाला पदर लावला. बाबा ओशाळल्यासारखं हसले आणि म्हणाले, "सकाळपासूनच लावून बसली असन." आई उठायला लागली, बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ती बसली. दारू पिऊन पडलेल्या पोरीसाठी आई एवढी घाईनं उठत नाही. मुलाचे वडील म्हणाले, "असू द्या, असू द्या. ते काय, आज हाय, उद्या सुटन." मुलाच्या आईनं एक वडी तोंडात टाकली आणि मला विचारलं, "तू केली काय वं?" मी बाबांकडे पाहिलं. "हो जी," मी म्हणाले. आत टाचा आपटत होत्या. मग त्या आपटायच्या थांबल्या. चहा झाला, पंचांग निघालं, मुहूर्त ठरला, आणि त्यांना पोचवायला बाबा गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

मी आणि आई आत धावलो. ताई भिंतीशी पडली होती. लुगडं ओलं झालेलं, ओठ फाटलेला, केसांत धूळ. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, आमची तोंडं ओळखायला तिला आणखी थोडा वेळ लागला. मग तिला दिवस आठवला असावा, कारण ती एकदम उठून बसायला धडपडली.

"पाव्हने गेले काय?"

"गेले," आई म्हणाली.

"जमलं?"

"जमलं."

"माह्यामुळं काही अडलं तं नाई?"

बाबा परत आले होते, दारात उभे होते. त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

"नाई," ते म्हणाले. "तुह्यामुळंच जमलं."

आणि ताई हसली. खरोखर आनंदानं हसली. तिच्या सगळ्या दातांना रक्त लागलं होतं.